‘स्लिंग’ : दार लोटून ऐकायचा अल्बम

माझी रेकॉर्डिंगची खोली म्हणजे कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधली मागची बेडरूम. खिडकीला आतून कापसाची गादी उभी लावलेली, दोन भिंतींना रजया, आणि कपाटाची दारं सताड उघडी. लटकवलेल्या साड्या आणि शर्ट आवाज फार छान शोषून घेतात, म्हणून. इथे मी ऑडिओबुकं रेकॉर्ड करते आणि एडिट करते. शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी झाली की माइकसमोरचा माणूस थांबतो. त्यांच्या डाळीला तीन शिट्ट्या लागतात हे आता सगळ्यांना पाठ झालंय. तिसरी झाली, की पुढचा टेक.

२०२१च्या जुलैत मात्र कोविडमुळे या खोलीत कुणी येतच नव्हतं. वाचणारे आपापल्या घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून फायली पाठवायचे आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या बेडरूमचे आवाज साफ करत बसायचे. कुणाचा पंखा, कुणाची पाल, कुणाच्या पत्र्यावरचा पाऊस. त्या दीड वर्षात कान इतका तयार झाला की पहिल्या दोन वाक्यांत कळायचं, माणूस पलंगावर बसलाय की उघड्या फरशीवर. अशा दिवसांत, १६ जुलैला, क्लेरो या अमेरिकन गायिकेचा दुसरा स्टुडिओ अल्बम आला. नाव ‘स्लिंग’.

पहिल्यांदा तो मी ऐकला कणीक मळताना, ओट्यावर ठेवलेल्या मोबाइलच्या स्पीकरवर. बारा गाणी, पाऊण तासाच्या आत संपतात. पोळ्या झाल्या तेव्हा अल्बमही संपला होता आणि माझ्या हाताला काहीच लागलं नव्हतं. सगळी गाणी एकसारखी, सगळी हळू, बाई तोंडातल्या तोंडात म्हणतेय असं वाटलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “अगं, हिला कुणी मोठ्याने गा म्हणून सांगत नाही का?” मला पटलं होतं ते. आठवड्याने रात्री अकराला, काम संपल्यावर, मी खोलीचं दार लोटलं आणि हाच अल्बम मॉनिटर स्पीकरवर लावला. तेव्हापासून किती वेळा ऐकलाय याचा हिशेब नाही. आज इतक्या उशिरा त्याच्याबद्दल लिहिते आहे, कारण अजूनही या अल्बमबद्दल ‘झोप येते’ एवढंच ऐकू येतं, आणि ते मला मनापासून खुपतं.

क्लेरो म्हणजे क्लेअर कॉट्रिल. जन्म १९९८चा, अटलांटातला, पण वाढली मॅसॅच्युसेट्समधल्या कार्लाइल नावाच्या छोट्या गावात. २०१७मध्ये तिने ‘प्रिटी गर्ल’ नावाचं गाणं केलं आणि त्याचा व्हिडिओ आपल्या खोलीत, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर, पलंगावर बसून चित्रित केला. केस तेलकट, मेकअप नाही, कानात इअरफोन, स्वस्तातल्या कीबोर्डवर वाजवल्यासारखा ठेका. तो व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिला गेला. मग तिचे वडील मार्केटिंगमधले बडे अधिकारी असल्याचं लोकांनी शोधून काढलं आणि ‘हे सगळं ठरवून केलेलं आहे’ असा ओरडा झाला. एकोणीस वर्षांच्या मुलीने तो कसा सोसला असेल कोण जाणे. माझ्यापुरतं सांगते : ते गाणं मी कामाच्या कानाने ऐकलंय, आणि ती खोली खरी आहे. आवाज भिंतीवरून परत येतो ना, तो इतका लवकर परत येतो की भिंत हातभर अंतरावर असणार.

या प्रकारच्या संगीताला बेडरूम पॉप म्हणतात. घरच्या खोलीत, लॅपटॉपवर, एकट्याने केलेलं गाणं. आवाज हळू असतो, कारण पलीकडच्या खोलीत कुणीतरी झोपलेलं असतं. माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हटलेलं असतं, कारण लांबून म्हटलं तर खोली ऐकू येते. म्हणजे जी शैली म्हणून नावाजली गेली ती मुळात अडचणीतून निघालेली वाट आहे. ऑडिओबुक वाचणाऱ्यांना मी हेच सांगते : जवळ या, हळू बोला, श्वास बाजूला सोडा.

मग २०१९मध्ये पहिला अल्बम आला, ‘इम्युनिटी’. तो तिने रोस्तम बटमांगलीज या निर्मात्याबरोबर केला. खोलीतून स्टुडिओत आलेली मुलगी त्यात स्पष्ट ऐकू येते. ड्रम खरे, बेस जाडजूड, ‘बॅग्ज’ आणि ‘सोफिया’सारखी गाणी सहज डोक्यात बसणारी. सगळ्यांना वाटलं, आता दुसरा अल्बम याहून मोठा होणार, ठेके वाढणार, स्टेडियममध्ये वाजण्याजोगं काहीतरी येणार. निर्माता म्हणून जॅक अँटोनॉफचं नाव जाहीर झाल्यावर तर खात्रीच झाली, कारण त्या वेळी अमेरिकेतल्या निम्म्या नामवंत गायिका त्याच्याकडे जात होत्या.

ती गेली डोंगरावर. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला कॅट्स्किल डोंगररांग आहे, तिथे शोकन नावाच्या गावाजवळ अलेअर स्टुडिओ आहे. डोंगरमाथ्यावरची जुनी वाडीवजा इमारत, खाली जलाशय, आजूबाजूला रान. डेव्हिड बोवी या गायकाने आपला ‘हीदन’ अल्बम तिथेच रेकॉर्ड केला होता. तिथे ती, अँटोनॉफ आणि तिचं जोनी नावाचं कुत्रं. नाव ऐकून जोनी मिचेल ही गायिका आठवते, आणि ती मिचेल या सगळ्या अल्बमवर सावलीसारखी आहे. सत्तरच्या दशकातल्या अशा गायिकांची ती पद्धत : पियानो किंवा गिटार घेऊन बसायचं आणि ज्या सुरांवर गाणं थांबेल असं वाटतं तिथून हळूच पुढे सरकायचं.

एवढा मोठा स्टुडिओ हाताशी असताना तिने आवाज खोलीतलाच ठेवला, ही माझ्या दृष्टीने या अल्बममधली सगळ्यात धीट गोष्ट. आता पलीकडे कुणी झोपलेलं नाही. भिंतीची, भाड्याची, शेजाऱ्यांची अडचण नाही. तरी ती हळूच गाते. म्हणजे आता हे हळू गाणं तिने ठरवून घेतलेलं आहे. आणि भोवती मात्र बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, तंतुवाद्यं, वूर्लिट्झर हा इलेक्ट्रिक पियानो अशी सगळी माणसं गोळा केलीत. कुणीही तिच्यापेक्षा वर चढत नाही. दिवाणखान्यात दहा जण बसलेत आणि आतल्या खोलीत बाळ आहे म्हणून सगळे आपोआप दबक्या आवाजात बोलताहेत, तसा हा वाद्यमेळ आहे.

तिच्या आवाजावर काय केलंय ते जरा जवळून सांगते, कारण मोबाइलच्या स्पीकरवर नेमकं हेच हरवतं. बहुतेक ओळी तिने दोनदा गायल्या आहेत आणि दोन्ही टेक एकावर एक ठेवलेत. याला आम्ही डबल करणं म्हणतो. यंत्रानेही करता येतं, पण यंत्राची दुसरी ओळ पहिलीची नक्कल असते. इथे दोन श्वास वेगवेगळे आहेत. शब्दाच्या शेवटचा ‘त’ एका टेकमध्ये किंचित आधी पडतो, दुसऱ्यात नंतर. तेवढ्या अंतरामुळे आवाजाला लव फुटल्यासारखी होते, पीचच्या सालीवर असते तशी. पोळ्या करताना मला ते ‘तोंडातल्या तोंडात’ वाटलं होतं. स्पीकरवर ऐकल्यावर कळलं, शब्दाच्या कडा मुद्दाम मऊ ठेवल्यात. माझं अर्धं आयुष्य लोकांच्या कडा साफ करण्यात गेलंय, त्यामुळे हे कळल्यावर मी उठून दिवा लावला होता आणि ‘बॅम्बी’ पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं.

‘बॅम्बी’ हे पहिलं गाणं. ज्या धंद्यात आपण पाऊल टाकलं तो आपल्यासारख्या माणसासाठी बांधलेलाच नाही, असं काहीसं ती त्यात म्हणते. तक्रार आहे, पण चिडचिड नाही. दमलेल्या माणसाने चप्पल काढता काढता सांगावं तसं सांगते. गाणं सुरू होतं एका ठिकाणी आणि संपतं भलत्याच ठिकाणी. मुखडा-अंतरा-मुखडा अशी सवय असलेल्या कानाला सुरुवातीला हे बिनआकाराचं वाटतं. तीनचार वेळा ऐकल्यावर वळणं ओळखीची होतात.

ज्यांना लगेच हाताला लागणारं काहीतरी हवं त्यांनी दुसऱ्या गाण्यापासून, ‘अमीबा’पासून सुरुवात करावी. याची कीबोर्डवरची सुरावट मी एकदा वही घेऊन नीट ऐकली. उजव्या हाताचे तुकडे छोटे आणि तुटक आहेत, जिना उतरताना एखादी पायरी गाळावी तसे. खाली बेस मात्र एकसंध, त्याला कसली घाई नाही. मान आपोआप डोलायला लागते. आणि त्या डोलणाऱ्या लयीवर ती काय म्हणते, तर मी पार्टीला जाते ती निघून येण्यासाठीच, आणि घरी फोनसुद्धा केलेला नाही. स्वतःला धरून विचारलेला जाब आहे तो. नाचता नाचता अपराधी वाटावं असं गाणं फार कमी जणांना जमतं. मधेच सगळी वाद्यं एकदम पातळ होतात, फक्त आवाज आणि एखादाच सूर उरतो, आणि मग ठेका परत येतो तेव्हा तो पहिल्यापेक्षा आपलासा वाटतो. पूर्ण अल्बममधलं सगळ्यात नेमकं बांधलेलं गाणं हेच. ज्यांना अल्बम आवडत नाही त्यांनाही हे आवडतं, असा माझा अनुभव आहे.

आता जे जमलं नाही तेही सांगायला हवं. अल्बमच्या मधल्या भागात, ‘वेड’ आणि ‘हार्बर’च्या आसपास, लय इतका वेळ एकाच पायरीवर राहते की लक्ष सुटतं. दोन्ही गाणी एकेकटी ऐकली तर सुंदर आहेत. ‘वेड’मध्ये फुंकवाद्यांचा जो पट्टा येतो तो मला फार आवडतो, पहाटे नदीवर धुकं असतं तसा वाटतो. पण एकापाठोपाठ एक आली की दुसऱ्याचा तोटा होतो. ‘झिनियाज’ची जागा जरा खाली सरकवली असती तर बरं झालं असतं. ‘लिटल चेंजेस’ मला आजवर पकडता आलेलं नाही, ते नेहमी माझ्या हातून निसटतं. आणि शब्द! इंग्रजी ज्यांची रोजची भाषा आहे त्यांनाही तिचे शब्द लिहिलेले समोर असल्याशिवाय पुरते कळत नसतील, मग आपल्यासारख्यांचं काय. मी दुसऱ्यांदा शब्द वाचत ऐकलं तेव्हा अल्बम उघडला. हा दोष आहे. आवाज मऊ ठेवण्याच्या नादात काही ठिकाणी तो वाद्यांच्या खाली गेलाय, आणि मिक्सिंगमध्ये तो एखादा डेसिबल वर आणला असता तर मऊपणा कुठेही गेला नसता.

सातवं गाणं ‘जस्ट फॉर टुडे’. याचं एक साधं रूप तिने अल्बम येण्याआधीच इन्स्टाग्रामवर टाकलं होतं. मन थाऱ्यावर नसलेल्या रात्री लिहिलेलं गाणं आहे. त्यात ती आईला सांगते की मी पुन्हा हेल्पलाइनला फोन केला होता. गिटार, आवाज आणि फार थोडं बाकीचं. याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी दिवसा ऐकावं, एकट्याने ऐकू नये, एवढंच म्हणते.

‘ब्लाउज’ हे अकरावं गाणं, पण सगळ्यात आधी आलं तेच, जूनमध्ये. मागे लॉर्ड या गायिकेचा आवाज आहे. फक्त गिटार, तंतुवाद्यांची एक फिकट रेघ आणि दोघींचे आवाज. गाण्याचा विषय असा : मी तुला माझ्या मनातलं सांगते आहे आणि तुझी नजर माझ्या गळ्याच्या खाली आहे. आणि पुढे त्याहून वाईट : असू दे, निदान त्यामुळे तरी माझं बोलणं ऐकलं जाईल का? ही दुसरी ओळ बोचते. पहिलीवर राग येतो, दुसरीवर आपलीच एखादी जुनी आठवण वर येते.

माझी सांगते. मी बावीस वर्षांची होते, मुंबईतल्या एका स्टुडिओत सहायक म्हणून लागले होते. एका जाहिरातीच्या मिक्सिंगमध्ये निवेदनाचा आवाज आणि बासरी एकाच पट्ट्यात येऊन एकमेकांवर चढत होते. मी ते रात्रभर बसून शोधलं होतं. सकाळी तिथल्या वरिष्ठांना समजावून सांगत होते, हातात कागद होता, कागदावर आकडे होते. ते बघत होते, पण कागदाकडे नाही. मी ओढणी सारखी केली आणि बोलत राहिले, कारण थांबले असते तर आकडे वाया गेले असते. शेवटी ते म्हणाले, “छान, कर तसं.” बासरी खाली आली, जाहिरात वाजली. मी जिंकले की हरले, ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि घरी कुणाला सांगितलंही नाही. चौदा वर्षांनी, ज्या मुलीला मी कधी भेटणार नाही तिने ती सकाळ तीन-चार मिनिटांत मांडून ठेवली. लॉर्डचा आवाज त्यात वेगळा ओळखू येत नाही, आणि तोच त्याचा उपयोग आहे. एवढी मोठी गायिका मागे उभी राहून फक्त दुसरीच्या ओळीला टेकू देते. त्या सकाळी माझ्या शेजारी तशी कुणीतरी उभी असायला हवी होती.

आता कुत्र्याकडे येते, कारण सगळा अल्बम त्या कुत्र्यामुळे आहे. जोनीला सांभाळता सांभाळता आपण आई होण्याबद्दल विचार करायला लागलो, असं क्लेरोने स्वतः सांगितलंय. त्या वेळी ती बावीस वर्षांची. कुणाला हसू येईल, कुत्रं कुठे आणि मूल कुठे. मला येत नाही. रात्री दोनला उठून एखाद्या जिवाला बाहेर न्यायचं, तो खात नाही म्हणून आपला घास अडकायचा, हे ज्याने केलंय त्याला माहीत आहे की विचार तिथूनच सुरू होतो. ‘झिनियाज’मध्ये ती कल्पना करते : बहिणीच्या घरापासून दोनचार दारांवर आपलं घर, आणि अंगाला बांधलेल्या झोळीत बाळ. अल्बमचं नाव त्या झोळीचं. आपल्याकडे शेतावर कामाला जाणाऱ्या बाया अजून बांधतात ती. ‘स्लिंग’ म्हणजे मोडलेला हात गळ्यात अडकवतात ती पट्टीसुद्धा. दोन्ही अर्थ मनात ठेवून ऐकलं की गाण्यांचं वजन बदलतं, निदान माझ्यासाठी बदललं.

मग आठवं ‘जोनी’. यात शब्दच नाहीत. पियानो, थोडी वाद्यं, आणि मधून मधून तिचं नुसतं गुणगुणणं. घरात इकडून तिकडे जाताना बाई गुणगुणते ना, आपण गातोय हे तिलाही माहीत नसतं, तसं. आणि लगेच नववं ‘रीपर’. गिटारवरचं साधं गाणं. मी कुणीतरी व्हायला जन्मले आणि मग माझ्यातून कुणीतरी जन्मणार, हा हिशेब ती मांडते. जे अजून नाहीच ते माझ्या हातून बिघडणार तरी कसं, असंही म्हणते. मूल हवं की नको याचं उत्तर देत नाही. भीती अशी आहे की आलेलं माणूस मला माझ्यापासून घेऊन जाईल, आणि त्याच वेळी त्या माणसासाठी जागा करावीशीही वाटतेय. बावीसाव्या वर्षी, लोक पुढच्या हिट गाण्याची वाट बघत असताना, या प्रश्नावर थांबून अख्खा अल्बम करायचा याला छाती लागते.

शेवटचं ‘मॅनेजमेंट’. हे सगळं मी माझ्या पुढच्या वयातल्या मला लागणार म्हणून करतेय, असं ती म्हणते. गाणं मधेच रुंद होतं, सगळी वाद्यं पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतात. चांगला शेवट आहे.

अल्बम आला तेव्हा अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या ‘बिलबोर्ड २००’ यादीत तो १७व्या क्रमांकावर होता, म्हणजे ऐकणारे होते. २०२४मध्ये लिऑन मायकेल्सबरोबर केलेला तिचा तिसरा अल्बम ‘चार्म’ आला. तो जास्त मोकळा, जास्त चालणारा आहे, आणि नव्या ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी तिथूनच सुरुवात केली. ‘चार्म’ मी दिवसा लावते, घर आवरताना, पाहुणे असताना. ‘स्लिंग’ पाहुण्यांसमोर लावू नये. बरे इअरफोन किंवा साधेसुधे दोन स्पीकर पुरतात, महागडं काही नको. पावसाळ्यात ऐकावा, बाहेरच्या पावसाचा आवाज या गाण्यांना बाधत नाही. पहिल्या खेपेला शब्द समोर ठेवावेत. आणि निदान ‘जोनी’ आणि ‘रीपर’ ही दोन तरी मधे काही न येऊ देता लागोपाठ ऐकावीत. गाणी उलटसुलट करून ऐकायची सवय असेल तर ती या दोघांपुरती बंद ठेवावी.

आईने ती तशीच ऐकली. माझी आई लग्नाआधी आणि लग्नानंतर थोडी वर्षं आकाशवाणीवर सुगम संगीत गायची. आकाशवाणीच्या श्रेणीत बी हाय ग्रेड होती. शिवाजीनगरला रेकॉर्डिंग असायचं. घरात त्याचा एकही फोटो नाही. फक्त करारपत्रांची एक फाइल आहे, शेवटचं पत्र १९८५चं. माझा जन्म त्याच वर्षीचा. मी कधी विचारलं नव्हतं, तिनेही सांगितलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात एकदा रात्री ती खोलीत आली आणि पलंगाच्या कडेला बसली. ‘जोनी’ चालू होतं. ती काही बोलली नाही, पण गुणगुणण्याच्या जागा आल्या तशी तिची बोटं मांडीवर हलत होती. ‘रीपर’ लागल्यावर मी तिला ओळीओळीचा अर्थ मराठीत सांगत गेले. गाणं संपलं. मी पुढचं सुरू होऊ दिलं नाही.

“माझं शेवटचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा तू पाच महिन्यांची होतीस,” आई म्हणाली. “आजी तुला घेऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. दाराला एवढीशी काच होती, त्यातून दिसत होतीस. दुसऱ्या कडव्याला तू रडायला लागलीस. ऐकू येत नव्हतं, नुसतं तोंड दिसत होतं.”

“मग?”

“मग काय, पूर्ण केलं कडवं.” ती कपाटातल्या साड्यांकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “आता ते कुत्र्याचं परत लाव.”